वहिनी गेली तेव्हा मशिनी थांबल्या

“रडायचं असेल तर आधी मशीन बंद करा. कापडावर डाग पडतो.”

कॉलरमावशी हे म्हणाली तेव्हा तिचे स्वतःचे डोळे कोरडे होते आणि पायाखाली मशीन चालू होती. शर्टांच्या त्या कारखान्यात बाही लावणारी वेगळी, काज करणारी वेगळी, बटणं लावणारी वेगळी. मावशीच्या वाट्याला कॉलर आली ती कायमची. तिचं खरं नाव हजेरीत पुकारलं गेलं की ओ द्यायला तिलाच एक क्षण लागायचा. “लोकांच्या कॉलरी ताठ केल्या,” ती म्हणायची, “आणि माझी मान बघा, पट्ट्याशिवाय उभी राहत नाही.”

आदल्या संध्याकाळी मालिकेतली मोठी वहिनी मेली होती. जिन्यावरून पडली. म्हणजे धाकट्या जावेनं ढकलली. हे मालिकेतल्या घरच्यांना सोडून सगळ्या जगानं पाहिलं. ही वहिनी कित्येक वर्षं रोज घराघरांत येत होती. स्वतःच्या जावेशी बोलणं टाकलेल्या बायका तिच्या जावेला शिव्या घालत. त्या संध्याकाळी मावशीच्या सुनेनं भाजी करपवली आणि मुलगा ताटावरून उठला.

“अरे, नटी आहे ती,” मावशी म्हणाली. “उद्या साबण विकताना दिसेल.”

मुलानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू वहिनीला जिन्यावरून तिनंच ढकललं होतं.

सकाळी कारखान्यात तीच तऱ्हा. बटणवालीचे डोळे सुजून बंद व्हायला आले होते. बाहीवालीनं थेट चॅनेलला फोन लावला होता. “तिकडची मुलगी म्हणते, तुमच्या भावना लेखकापर्यंत पोचवू. मी म्हटलं, भावना राहू दे, त्याचा पत्ता दे.”

“मावशी, तुम्हाला काळीज आहे की बॉबीन?” बटणवालीनं विचारलं.

“बॉबीन असती तर बरं झालं असतं गं. दोरा संपला की बदलता तरी आली असती.”

जेवणाच्या सुट्टीनंतर कामाला जेमतेम सुरुवात झाली आणि बटणवालीनं मशीन बंद केली. ती उठून उभी राहिली. मग बाहीवाली, मग काजवाली, मग मागच्या सगळ्या रांगा. ज्या जागेत मशिनींच्या खडखडाटात बायका एकमेकींचं बोलणं ओठांवरून ओळखत, तिथे एकदम स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. सुपरवायझर धावत आला. पाणी प्यायला कोणी उठलं तरी हा माणूस घड्याळाकडे बघायचा. आता काय होतंय म्हणून मावशीनं मान वर केली, तर तोही हात बांधून, खाली मान घालून उभा. नाक ओढत होता.

सगळ्यात शेवटी मावशीची मशीन थांबली. ती उठली मात्र नाही. त्या शांततेत तिला एकच आवाज ऐकू येत होता, कोपऱ्यातल्या इस्त्रीच्या वाफेचा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या इस्त्रीपाशी गेल्या उन्हाळ्यात इस्त्रीवाली पडली होती. शर्टावर धूळ बसते म्हणून तिथे पंखा लावू देत नसत. सकाळपासून चक्कर येत होती तिला. जरा टेकते म्हणाली, तर सुपरवायझर म्हणाला, हा लॉट जाऊ दे. लॉट गेला, तीही गेली. दोघांनी उचलून फाटकापर्यंत नेली, तिथेच तिचा श्वास थांबला, आणि आत एकही सुई थांबली नाही. त्याच दुपारी तिच्या जागी दुसरी उभी केली. टेबलावर एका बाहीची इस्त्री व्हायची राहिली होती, ती नव्या बाईनं पुरी केली. कोणीतरी तो शर्ट घालून फोटो काढले असतील, हसत. पडद्यावर मरणाराच्या तोंडावर नीट उजेड पडेल अशी व्यवस्था केलेली असते. इस्त्रीवालीच्या तोंडावर माशा होत्या आणि त्या हाकलायलासुद्धा कोणाला सवड नव्हती. मावशीनं वर्षानुवर्षं तिच्याबरोबर डबा खाल्ला होता.

संध्याकाळी फाटकाबाहेर तिनं बटणवालीला अडवलं. “इस्त्रीवाली पडली तेव्हा कुठे गेली होती गं ही दोन मिनिटं? सोंगाला रडता, माणसाला नाही?”

“तुमची थांबली होती का मशीन?” बटणवाली म्हणाली. “बोला ना. आमच्यापेक्षा तुमची जवळची होती ती.”

मग बटणवालीचाच आवाज खाली आला.

“चिडू नका, मावशी. वहिनीसाठी रडलं तर पगार कापत नाहीत. सुपरवायझरसुद्धा रडतो. इस्त्रीवालीसाठी कुठे रडायचं होतं? त्या दिवशी घरी गेले, तर मालिकेत वहिनी कसल्यातरी दुखण्यानं झोपली होती. मी हमसून हमसून रडले. नवरा म्हणाला, अगं, बरी होईल ती उद्या.”

मावशीचा राग गेला नाही. पण बटणवालीवर तो काढता येईना. कारखान्यात एकदा तरी, सगळ्यांसमोर, इस्त्रीवालीचं नाव घेतलं गेलं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

संधी चालून आली. कोणीतरी मोबाईलवर त्या शांततेचं चित्रण केलं होतं. ते गावभर फिरलं आणि चॅनेलवाला कॅमेरामन घेऊन कारखान्यात आला. मालिकेचं नाव होणार, कारखान्याचंही होणार. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खायला इथे तर कोणी मेलंही नव्हतं.

“तुम्ही सगळ्यांत जुन्या,” कारखान्याचे साहेब मावशीला म्हणाले. “दोन शब्द बोला वहिनीबद्दल.”

“बोलते. पण इस्त्रीवालीचं नाव घेणार.”

साहेबांनी चॅनेलवाल्याकडे पाहिलं. “घ्या की,” तो म्हणाला, “काय बिघडतंय?”

उजेड कोपऱ्यात चांगला होता, म्हणून वहिनीचा फोटो इस्त्रीच्या टेबलावर मांडला. कॅमेरा धरणाऱ्याला घाम फुटला, म्हणून तिथे पंखा आणून लावला. मावशी टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“मालिकेतली वहिनी जिन्यावरून पडली,” ती म्हणाली. “तिच्यासाठी या उभ्या राहिल्या. आमची इस्त्रीवाली इथे पडली, या फरशीवर. तिच्यासाठी कोणी उभं राहिलं नाही. मीसुद्धा नाही. आज राहतोय.”

आणि तिनं इस्त्रीवालीचं नाव घेतलं, आडनावासकट. कित्येकींना ते तेव्हाच कळलं. मशिनी थांबल्या. बटणवाली तोंडात पदर कोंबून रडत होती. सुपरवायझरला नजर कुठे ठेवावी कळत नव्हतं.

“छान! फारच छान,” चॅनेलवाला म्हणाला. “आता एकदा नुसतं वहिनीचं घेऊ. मधलं ते वगळून.”

“तुम्ही घ्या म्हणालात.”

“नाव घ्या म्हणालो, मावशी. दाखवू असं कुठे म्हणालो?” तो हसला. “आणि या वेळी जरा रडाल का? नुसते डोळे ओले झाले तरी चालेल.”

“मावशी, ताणू नका,” साहेब हळूच म्हणाले. “त्यांचा वेळ जातोय.”

मावशीनं टेबलावरचा फोटो उचलला, चॅनेलवाल्याच्या हातात दिला. मग आपल्या जागेवर गेली, कात्री पिशवीत टाकली आणि दोन रांगांच्या मधून दाराकडे निघाली. कोणीच मशीन सुरू केली नाही.

“आजचा खाडा लागेल,” मागून सुपरवायझर ओरडला.

दार ढकलून ती बाहेर पडली.