दान देऊ नका, पडू द्या

माझा थोरला भाऊ चौतीस वर्षं जमिनीपासून तीस फूट वर बसला. कारखान्याच्या छताखालची क्रेन तो चालवायचा, मी खाली फिटर. माल कुठे न्यायचा, कुठे ठेवायचा, ते मी हाताच्या खुणांनी सांगायचो. त्या गोंगाटात तोंडाचा काही उपयोग नव्हता. आठ टनांचा साचा तो असा टेकवायचा की शेजारी ठेवलेल्या पेल्यातला चहा हलू नये. मी पेला ठेवून बघितलं आहे, म्हणून लिहितो.

या उंचीमुळेच त्याचं लग्न राहिलं, असं माझ्या बायकोचं मत. "भाऊजींना मुली दिसायच्या, पण वरून. नुसते भांग."

दादा सहासष्टाचा झाला तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर मास्तर राहायला आल्या. मास्तर म्हणजे बाई. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होत्या. कापडाचे ऐंशी थर एकावर एक, वर आखणी, आणि एका दमात काप. रेघ चुकली की ऐंशी सदरे वाया. त्यामुळे हातात कात्री नसली तरी समोरच्या माणसाला कुठून कापावं, अशाच नजरेने त्या बघतात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती.

माझ्या मुलीने तिचा जुना टॅब आमच्याकडे टाकला होता. त्यात लुडो होता. रोज दुपारी चारला मास्तर जिना चढून यायच्या आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर दादाबरोबर डाव मांडायच्या. फाशाच्या चित्रावर बोट दाबायचं, फासा गरगरतो, दान पडतं. बाकी सगळं नेहमीचं. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही, दुसऱ्याची मारता येते, ज्याच्या चारही आधी पिकतात तो जिंकला. आठवड्यातून दोन-तीन डाव मास्तर जिंकायच्या, बाकीचे दादा.

दोन महिन्यांनी दादाने जिन्यातच विचारून टाकलं. मी मागे खांद्यावर गॅसची टाकी घेऊन उभा होतो, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकला.

"मास्तर, आपण लग्न करू या का?"

मास्तर दोन पायऱ्या खाली होत्या. तिथूनच वळल्या. "आज मी हरले आहे. हरल्या तोंडाने मी काही ठरवत नाही. उद्या लोक म्हणतील, फाशांवर जिंकून आणली. एकदा मला जिंकू द्या, मग उत्तर देते."

"पण साधारण... हो की नाही?"

"जिंकल्यावर."

"माझ्या खांद्यावर टाकी आहे," मी म्हणालो. दोघंही भिंतीला चिकटले. दोघांचेही कान लाल.

अट काही अवघड नव्हती. दोन-तीन दिवसांत निकाल लागायला हवा होता. पण दुसऱ्या दिवसापासून त्या टॅबला काय झालं कोण जाणे. दादाने बोट लावलं की सहा. परत सहा. मग पाच. मास्तर दाबायच्या तर एक, दोन, एक. सलग नऊ डाव दादा जिंकला. प्रत्येक सहाला तो कपाळावर हात मारून घ्यायचा.

"हे लबाड आहे!" तो टॅबवर ओरडायचा. "माझ्या बाजूचं आहे! याला काढून टाका!"

यंत्र आपल्याला हरवतं म्हणून बोंबलणारी माणसं मी खूप बघितली. जिंकवतं म्हणून बोंबलणारा हा पहिलाच.

मला तपासल्याशिवाय बोलता येत नाही. एका सकाळी वही घेऊन बसलो आणि सहाशे वेळा फासा टाकला. प्रत्येक दानाला एक रेघ, पाचवी आडवी. दोन वेळा मोजणी चुकली असं वाटलं, तेव्हा ते पान फाडून ती शंभर दानं नव्याने टाकली. सहा पडला एकशे तीन वेळा, एक सत्त्याण्णव वेळा, बाकीचेही शंभराच्या आगेमागे. दुपारी मी निकाल सांगितला. "यंत्र सरळ आहे."

मास्तरांनी वही उलटसुलट बघितली. रेघा सरळ आहेत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण फिटर, तुम्ही वही घेऊन समोर बसला होतात ना? फोरमन डोक्यावर उभा असताना कामचुकारपणा कोण करतं?"

मी बत्तीस वर्षं कारखान्यात काढली आहेत. मी वही मिटली.

मग त्यांनी रंग बदलून बघितले. दादाने लाल घेतला, मास्तरांनी हिरवा. सहा लालच्या मागे गेले. खुर्च्या बदलल्या. सहा दादाच्या मागोमाग नव्या खुर्चीवर गेले. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊजी, डाव्या हाताने दाबा." दादाने डाव्या हाताने दाबलं. सहा. ती हसता हसता ओट्याला टेकली.

अकराव्या डावाला दादाने घाण केली. त्याला चार पडले. बरोबर चार घरांवर मास्तरांची सोंगटी उघडी बसली होती. आंधळ्यालाही दिसली असती. दादाने भलतीच सोंगटी पुढे सरकवली.

मास्तरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही दिसली नाही?"

"चष्मा..."

"डोळ्यांवर आहे."

दादाने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"क्रेनवाले," मास्तर उठल्या, "दान पडलं तर मी घेईन. तुम्ही दिलेलं दान मला नको. भीक मागायला मी जिना चढत नाही. परत असं केलंत तर चढणारही नाही आणि उत्तरही विसरा."

मी मास्तरांच्या बाजूचा. हातात काम असताना ते मुद्दाम वाईट करणं हा माझ्या लेखी गुन्हा आहे. त्या गेल्यावर मी दादाला विचारलं, "आठ टनांचा साचा कधी मुद्दाम वाकडा ठेवला असतास?"

"नाही."

"मग?"

"साचा मला आवडत नव्हता रे," दादा म्हणाला.

मास्तर तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी दादा दाढी करून खाली गेला. त्यांच्या दारात उभा राहून म्हणाला, "आता जीव तोडून खेळेन. वाटेल ते झालं तरी."

"मग दाढी करताना कापून का घेतलंत?" असं काहीतरी ऐकू आलं, आणि दोघंही वर आले.

त्या दिवशी दादा खरंच जीव तोडून खेळला. मास्तरही. त्यांचा खेळ म्हणजे आखणीच. चार सोंगट्या अशा पसरून ठेवायच्या की कुठलंही दान पडो, एक तरी सोंगटी त्याला फिट बसेल, दान वाया जाणार नाही. दादाचं उलट, एकच सोंगटी उचलायची आणि थेट नेऊन टेकवायची.

दोघांच्या तीन-तीन पिकल्या. मास्तरांची शेवटची सोंगटी आपल्या गल्लीत शिरायला दोन घरं उरली होती. एकदा गल्लीत गेली की तिला कोणी मारू शकत नाही. दादाची पाळी. ती त्याच्या सोंगटीपुढे बरोबर पाच घरांवर. दाबलं. पाच.

दादाने माझ्याकडे बघितलं, वरून बघायचा तसंच. मी हात खिशात घातले. ही खूण त्याची त्यानेच करायची होती.

त्याने डोळे मिटून मारली. मास्तरांची सोंगटी टुणटुणत पार घरी परत गेली.

"मारली हो मी तुम्हाला," दादाचा आवाज फाटला.

मास्तर हसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांचे दात पहिल्यांदाच बघितले. "हां! आता खेळलात!"

आणि त्यांनी दाबलं ते सहाच. सोंगटी बाहेर. परत दाबलं, परत सहा. बायको हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. दादाची सोंगटी पिकण्यापासून एकच घर दूर जाऊन बसली. त्याला आता नेमका एक हवा होता, जास्त पडलं तर हलता येत नाही. त्याला पडला चार. मग तीन. मग पाच. कितीतरी पाळ्या गेल्या, एक काही पडेना. मास्तर मागून येत होत्या, गल्लीत शिरल्या, तीन घरं उरली.

दादाने दाबलं. सहा. सहाला आणखी एक पाळी मिळते. परत सहा. परत मिळाली. तिसऱ्यांदा सहा, आणि तीन सहा लागोपाठ आले की पाळीच रद्द.

"सहा! सहा! सहा!" दादा खुर्चीवर चढला. "अरे वा रे माझ्या लबाडा!"

मास्तरांनी बोट रुमालाला पुसलं. दाबलं. फासा गरगरला.

तीन.

त्या तिनाला कष्ट पडले नव्हते, हे मला कबूल आहे. पण तीन उपयोगी पडेल तिथवर सोंगटी आणून ठेवायला कष्ट पडले होते.

"उत्तर!" दादा खुर्चीवर नाचायला लागला. "मास्तर, उत्तर!"

"थांबा, जिंकलेलं बघू तरी द्या." पडद्यावर फुलं उडत होती. ती संपेपर्यंत मास्तरांनी निवांत बघितली. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुमच्या दादांना खाली उतरवा. खुर्ची मोडेल."

तीन महिने मी त्यांचा फिटर होतो.

बायकोला आधी कळलं. तिने लाटणं टेबलावर आपटलं. "अगबाई! मला जाऊ आली! जाऊ म्हणतात आणि आली!" आणि ती मास्तरांच्या गळ्यात पडली, पिठाच्या हातांसकट.

"म्हणजे काय?" दादा वरून विचारत होता. "हो म्हणाल्या की नाही? कोणीतरी सांगा रे!"

दोघी इतक्या हसत होत्या की त्या गोंगाटात तोंडाचा उपयोग नव्हता. मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि हात वर केले. दोन्ही तळवे जमिनीकडे, सावकाश खाली, मग थांब. माल जागेवर टेकला.

दादा खुर्चीवरून उतरला. टेबलावरच्या पेल्यातला चहा हललासुद्धा नाही.