भिंतीवरचा मसाला

घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं मसाला कांडपाचं दुकान आहे. मशीन आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं चालवायची आणि बाकी सगळं मी करायचं, अशी आमची वाटणी होती. बाकी सगळं म्हणजे मिरच्यांची देठं खुडणं, धने-खोबरं भाजणं, गिऱ्हाइकांशी बोलणं, कुणाच्या घरी कुणाला तिखट सोसत नाही ते ध्यानात ठेवणं, आणि मशीन बंद पडली की ती बंद पडली आहे हे मालकांना सांगणं.

उन्हाळ्यात आसपासच्या गावांतल्या बाया डबे घेऊन यायच्या. कुणाला काळा मसाला हवा, कुणाला लग्नाच्या आमटीला लावायचा येसर मसाला. भाजायला मीच लागायची. मी जेवायला उठले तर बाया बसून राहायच्या. मला ताप आला की दुकानाला कुलूप. सख्ख्या भाच्याच्या लग्नात मी अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आले, कारण दुकानात कुणाचं तरी खोबरं भाजायचं राहिलं होतं. लोक म्हणायचे, "मावशीच्या हाताला चव हाय." ऐकायला बरं वाटायचं. हाताला चव असली की बाकीच्या अंगाला सुट्टी मिळत नाही, एवढं कुणी सांगत नव्हतं.

मग सून आली. ती गेवराईची. लग्नाआधी एका कुरिअरवाल्याकडं कामाला होती. मुलगा परळीला नोकरीला जातो, सकाळी निघतो ते दिवेलागणीला येतो, त्यामुळं सासू-सुनेच्या वादात त्याचा कुणालाच उपयोग नसतो. सून आल्या आल्या माझ्याशेजारी चुलीपाशी बसली आणि तिनं विचारलं, "आत्या, धने किती घेतले?"

"बेताचे."

"बेताचे म्हंजी किती?"

"लागतील तेवढे."

"आन् लागतील किती हे कसं कळतं?"

"घातल्यावर कळतं," मी म्हणाले. मला ते उत्तर पुरेसं वाटलं. तिला वाटलं नसावं, कारण ती उठून गेली आणि तिनं कोपऱ्यातला तागडीकाटा पुसून ठेवला.

पुढच्या वर्षी मार्च लागताना माझ्या उजव्या डोळ्यापुढं धुकं दिसायला लागलं. मला वाटलं भाजण्याचा धूर आहे. दोन-चार दिवस मी मालकांना खिडकी उघडा म्हणत राहिले. त्यांनी ती उघडलीच होती. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. पिकलेला आहे, थांबू नका म्हणाले. मग धंदा काय करता, असं विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दीड महिना मिरचीच्या जवळपास जायचं नाही," ते म्हणाले. "धूर नाही, धूळ नाही, ठसका नाही. राहायचं घर कुठं आहे?"

"दुकानाच्या मागं," मालक म्हणाले.

"मग घरातपण राहायचं नाही."

ऐन हंगाम होता. परतताना मालकांनी एसटीचं तिकीट काढलं. मग म्हणाले, "बंद ठेवू."

घरी आल्यावर सुनेनं ऐकलं आणि विचारलं, "कावून बंद ठेवायचं?"

"भाजणार कोण?"

"आमी भाजू."

मी हसले. ती हसली नाही. तिनं डॉक्टरांकडून ऑपरेशनला आठवडाभराची सवड मागून घेतली आणि तो आठवडा ती माझ्या मागं ताट घेऊन फिरली. मी मुठीनं लवंग उचलली की ती ताट पुढं करायची. "हितं टाका." मग ती वजन करायची आणि मग मला कढईत घालू द्यायची. कढई तोवर तापून लाल व्हायची. माझा जीव खालीवर होत होता. पाटावर बसलेल्या बायांना मात्र करमणूक झाली. एकीनं दोनदा चहा मागितला.

आठवड्याच्या शेवटी तिनं मला सांगितलं, की माझी मूठ रोज वेगळी भरते. सकाळी मोठी, दुपारी लहान.

"आन् मामांशी भांडण झालं की लवंग वाढती," ती म्हणाली.

"खोटं हाय," मी म्हणाले. मालक मशीनपाशी होते. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून हे मला त्या डोळ्यानं नीट दिसलं नाही.

तिनं सगळ्या मुठींचं मधलं माप धरलं आणि ते दुकानातल्या भिंतीवर रंगवून घ्यायचं ठरवलं. पेंटर बोलावला. फ्लेक्स आल्यापासून त्याला काम नव्हतं. त्याआधी तो पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या भिंती रंगवायचा. सवयीनं त्यानं वर 'हार्दिक' लिहिलं आणि पुढं शुभेच्छा लिहिणार तेवढ्यात सुनेनं त्याला धरलं. ते पुसताना निळा डाग पडला. डागाखाली माझा काळा मसाला आणि येसर, कशात काय किती, असं मोठ्या अक्षरांत आलं. मी पाहिलं आणि खाली बसले.

"आख्खं गाव वाचील की गं!"

"वाचू द्या. वाचून भाजता येत असतं तर तुमी मला तोंडानंच शिकिवलं नसतं का?"

भाजणं कसं लिहिणार, हे तिलाही कोडंच होतं. त्यावर तिनं काचेच्या बरण्या आणल्या. एकीत कच्चं खोबरं, एकीत नीट भाजलेलं, एकीत करपलेलं. धन्यांच्या तशाच, मिरचीच्या तशाच. कढईतला रंग मधल्या बरणीसारखा झाला की खाली उतरवायचं. करपलेल्या बरणीवर तिनं कागद चिकटवला, 'असं न्हाई'. त्यातलं खोबरं माझ्या हातचं होतं. त्या दिवशी मी शेजारणीशी बोलत होते.

मदतीला तिनं ऊसतोडीहून परतलेल्या दोन बाया ठेवल्या. एक वयानं मोठी, एक तरणी. मी त्यांना धड पाहिलंही नाही, तोवर माझं ऑपरेशन झालं आणि काळा चष्मा लावून मला धर्मापुरीला बहिणीकडं पाठवलं.

बहिणीनं माझं सगळं केलं. डोळ्यात थेंब घातले, मऊ भात दिला. मी मात्र फोन उशाशी घेऊन दुकान बुडायची वाट बघत होते. सकाळी फोन केला की सून म्हणायची, "चाललंय, आत्या." दुपारी केला की, "चाललंय." मालकांना केला की मशीनचा आवाज यायचा आणि ते म्हणायचे, "आँ?"

बहीण म्हणाली, "तुला चाललेलं बरं वाटंना का?"

"तसं न्हाई."

"मग कसं?"

मी भात खाल्ला.

पुढच्या आठवड्यात एकदाची वाईट बातमी आली. सुनेनं प्रत्येक डब्यावर नंबराचा कागद चिकटवायची रीत लावली होती. दोन डब्यांना तेलाचे हात लागले, कागद गळून पडले आणि डबे बदलले. एक डबा रिटायर झालेल्या गुरुजींचा. त्यांच्या घरी मसाल्याला फक्त रंग लागतो. दुसरा डबा ज्या घरचा होता ते लवंगी मिरचीखेरीज दुसरी मिरची मानत नाहीत. गुरुजींनी पहिला घास घेतला आणि तसेच बनियनवर दुकानात आले. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी भिंतीवरच्या मिरचीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सुनेकडं बघत उभे राहिले.

"मग?" मी मालकांना फोनवर विचारलं. मी उठून बसले होते. अंगात तरतरी आली होती.

"मग काय? तिनं त्यांना गूळ दिला, पाणी दिलं, चूक झाली म्हणाली. दुसऱ्या दिशी पत्र्याचे बिल्ले करून आणले. एक डब्याच्या कडीला बांधायचा, एक गिऱ्हाइकाच्या हातात. आता बदलत न्हाईत."

"गुरुजी यायचे बंद झाले आसतील."

"न्हाई. काल नातवाला घेऊन आलते, बिल्ला दाखवायला."

मी परत आडवी झाले.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी मोकळं केलं. कुणाला न कळवता मी धर्मापुरीहून जीपनं निघाले आणि दुपारच्या उन्हात दुकानासमोर उतरले. काळा चष्मा होता, नाकातोंडावर पदर होता. आत बाया पाटावर बसल्या होत्या, हातात बिल्ले होते. कढईपाशी ती तरणी बाई होती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"मावशी, बिल्ला घेतला का?"

पाटावरच्या दोघी-तिघींनी मला ओळखलं होतं. एकीनं तोंडात पदर कोंबला. मी खुंटीवरची बिल्ल्यांची जोडी घेतली, एक दुकानातल्याच रिकाम्या डब्याला बांधला, एक हातात धरला आणि बसले. माझा नंबर आल्यावर काळा मसाला सांगितला. तिनं भिंतीकडं पाहून मापलं, कढईत परतलं, बरणीशी रंग ताडला, उतरवलं. मालक मशीनवर होते. त्यांनी माझा घाणा कांडला, चाळला आणि डब्यात भरून मला दिला. मग बिल्ला मागायला हात पुढं केला आणि तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"आगं, तू कधी आलीस?"

मी चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला. चांगला होता. माझाच होता, आणि मी त्याला हातही लावला नव्हता.

मी मागं जाऊन हौदाच्या कडेला बसले. डोळे चोळायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून जे काय रडायचं ते हात मांडीवर ठेवून, ताठ बसून रडले. सून आली आणि शेजारी बसली.

"आत्या, बिघडलाय का मसाला?"

"न्हाई. तेच तर."

ती म्हणाली, "मला वाटलं, तुमी खूश व्हाल."

"हुईन," मी म्हणाले. "वेळ लागंल."

वेळ लागला. पहिले काही दिवस मी येता-जाता कढईत मूठभर काहीतरी टाकायची. तरणी बाई एक शब्द न बोलता घाणा उतरवायची आणि नव्यानं मापायची. रागावली असती तर मला भांडता आलं असतं. शेवटी मी कढईपासून उठले आणि पाटावर बायांमध्ये जाऊन बसले. इतक्या वर्षांत मला त्यांच्या घरातलं कोण तिखट खातं एवढंच माहीत होतं. आता कोण कुणाशी बोलत नाही, हेही कळायला लागलं.

हंगाम सरला तरी काम थांबलं नाही. सुनेनं येसराच्या पुड्या बांधून पुण्याला गेलेल्या आमच्याकडच्या लोकांना पार्सलनं धाडायला सुरुवात केली होती. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायची वेळ आली, तसा तरणीचा नवरा दुकानात आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"हिला सोडा," तो म्हणाला. "टोळीत नवरा-बायकू मिळून एक कोयता मोजत्यात. ही न्हाई आली तर मी आर्धाच."

तरणी कढईकडं बघत राहिली. सुनेनं तिला विचारलं, "तुला जायचंय?"

"न्हाई," ती म्हणाली. इतके दिवस मी तिच्या तोंडून ऐकलेला हा सर्वात मोठा आवाज होता. "पोरगी साळंत घातलीय. मला न्हाई जायचं."

तो तिच्याकडं बघतच राहिला. सून त्याला म्हणाली, "दाजी, मशीन चालवाल का?"

मालक मशीनपाशी होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं आता माझ्यासारखंच त्यांचं होणार. पण त्यांनी फडक्यानं हात पुसले, ते फडकं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "कमरंचा पार भुगा झालाय बाबा. ये आत."

त्यांच्या वस्तीवरच्या टोळीचा ट्रॅक्टर आमच्या दुकानावरूनच गेला. ट्रॉलीत गाठोडी, भांडी, कोंबड्या, माणसं. बाया हात करत होत्या. तरणी दारात येऊन उभी राहिली, धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिली आणि मग आत जाऊन मिरच्यांची देठं खुडायला लागली. तिचा नवरा मशीनला तेल घालत होता. सून पार्सलांवर पत्ते लिहीत होती.

मी आणि मालक बाहेरच्या ओट्यावर बसलो होतो. ते म्हणाले, "आता आपुन काय करायचं?"

"मला काय ठावं?" मी म्हणाले. "मी बी पहिल्यांदाच बसलेय."