चार बोटांचा उतार

त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ चढते आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीच्या टोकाला जो लोखंडी लट्टू बांधून सोडतात, तो ओळंबा. याच्या उजव्या खिशात तो बारा महिने तेरा काळ असायचा. स्वतःच्या लग्नातही होता, असं त्याची बायको सांगायची. "या माणसाचं लग्न आधी त्या लट्टूशी लागलंय, मी मागून आले," असं म्हणून ती हसायची, आणि मग जरा वेळानं हसणं थांबवायची. तिला सगळे काकू म्हणायचे, म्हणून आपणही काकूच म्हणू.

काकूचं थांबणं खोटं नव्हतं. त्या लट्टूनं तिला बरंच सोसायला लावलं होतं. एकदा एका कंत्राटदारानं भिंत अर्धं बोट कलली तरी तशीच चढवायला सांगितली. "एवढं बघतंय कोण?" असं तो म्हणाला. "भिंत बघते," एवढंच बोलून ओळंब्यानं हत्यारं पिशवीत टाकली आणि भर दुपारी घरी येऊन बसला. दुसऱ्या खेपेला त्यानं स्वतःच्याच स्वयंपाकघराची कणभर कललेली भिंत पाडली, तीही उद्या पाहुणे यायचे असताना. काकूनं तीन आठवडे अंगणात स्वयंपाक केला. कुणाच्या घरात जमिनीवर बाटली आडवी ठेवली आणि ती जागची हलली नाही, तर ते घर ओळंब्यानं बांधलेलं, हे सांगायला कुणी लागत नसे. माणूस नाकासमोर चालणारा आणि नाकासमोरच बोलणारा. बोलणंही मोजूनमापून.

आता काकूचं दुखणं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यापासून सुरू झालं. तिचा डावा खुबा झिजला होता. स्टेशन छोटं, एका वळणावरचं, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना मिळून एकच फलाट, आणि तोही इतका बुटका की डब्यात शिरायला लोखंडी पायऱ्या चढाव्या लागत. चार वर्षांपूर्वी तिसऱ्या पायरीवर तिचा खुबा अडला तो अडलाच. गाडी सुटायची वेळ झाली, तेव्हा दोन धट्ट्याकट्ट्या माणसांनी तिला काखांत हात घालून उचललं आणि पोतं टाकावं तसं दारातून आत टाकलं. अख्खा डबा बघत होता. कोणीतरी हसलं. ते हसणं काकूच्या मनातून गेलं नाही. परत म्हणून ती त्या गाडीत चढली नाही. रस्त्यानं जायचं तर डोंगराला वळसा घालून सगळा दिवस मोडायचा, आणि त्या खड्ड्यांत तिचा खुबा काही टिकला नसता.

आणि चार स्टेशनं पलीकडे तिची ताई राहत होती. आईच्या माघारी हिला वाढवणारी, हिच्या वाटेला जाणाऱ्या पोरांना धरून बडवणारी. ती ताई आता विसरायला लागली होती. आधी किल्ल्या विसरली, मग गॅस, मग जावई. आणि एके दिवशी फोनवर तिनं विचारलं, "कोण बोलतंय?" काकूनं सांगितलं. पलीकडून अगदी सभ्य आवाज आला, "हो का?"

ते "हो का" काकूच्या कानात दिवसभर वाजत राहिलं. रात्री भाचीचा फोन आला. "मावशी, आवाजावरून नाही कळत तिला आता. समोर दिसलीस तर ओळखेल. अजून ओळखेल. पण लवकर ये गं."

ओळंबा जेवत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. काकूला भयंकर राग आला. या माणसाच्या अंगाला सुई टोचली तर रक्त येईल की चुना, असं तिला वाटून गेलं.

पुढच्या रविवारी तो सकाळीच उठून स्टेशनवर गेला.

तिथं दर रविवारी दहा-पंधरा माणसं जमत. कुणी सांगितलेलं नाही, कुणी नेमलेलं नाही. शाळेतल्या एक बाई पुढाकार घ्यायच्या. सायकल दुरुस्त करणारा एकजण होता, तो काम कमी आणि विनोद जास्त करायचा, पण काम केलं तर चोख. या मंडळींनी बाकांना रंग दिला होता, गळका नळ दुरुस्त केला होता, कुंपणाशी फुलझाडं लावली होती. "आपल्या अंगणात गुडघाभर गवत, आणि हे निघाले स्टेशन झाडायला!" असं काकू त्यांच्याबद्दल म्हणत आली होती. आता आपलाच नवरा त्यांच्यात गेल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

ओळंब्यानं त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. एका डब्याच्या एका दारापुरता फलाट उंच करायचा, दारच्या उंबऱ्याशी भिडेल इतका, आणि त्यावर चढायला लांबलचक, सावकाश चढण. स्टेशनमास्तर भला माणूस. त्यानं वरच्या कचेरीत खेटे घालून कागदावर परवानगी आणली आणि फलाटावर पांढरा पट्टा ओढला, म्हणजे चालक दुसऱ्या डब्याचं दार बरोबर तिथं आणील.

राहिलं माप. गाडी इथं एक मिनिट थांबायची. "घाईचं माप आणि उसना जोडा, दोन्ही चावतात," हे ओळंब्याचं जुनं बोलणं. म्हणून तो जंक्शनला गेला. तिथं गाडी अर्धा तास उभी असते. रुळापासून उंबऱ्यापर्यंतची उंची त्यानं दोरीला गाठी मारून तीन-तीनदा घेतली, घरी आणली आणि उशाखाली ठेवून झोपला.

सात रविवार काम चाललं. बाई वाळू चाळायच्या, सायकलवाला विटा वाहताना ओरडत राहायचा की आपलं लग्न अजून व्हायचंय, कंबर सांभाळा. शेवटच्या दिवशी बाईंनी चौथऱ्यावर बाटली आडवी ठेवली. ती हलली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू घरीच होती, पण टाळ्या तिला ऐकू आल्या, आणि त्या दिवशी तिनं कपाटातून प्रवासाची पिशवी काढून झटकून ठेवली.

बुधवारी सकाळी ती काठी टेकत चढणीवरून वर गेली. एकदाही थांबावं लागलं नाही. गाडी आली, पांढऱ्या पट्ट्यावर दार आलं, दार उघडलं, आणि काकूनं काठी पुढे टाकली. काठीला काही लागलंच नाही. उंबरा चार बोटं खाली होता. बरं, नुसता खाली नव्हता. आतली जमीन तिथून पुढे वर चढत गेली होती, होडीसारखी. काकूचा तोल मागे गेला. सायकलवाल्यानं तिला धरलं नसतं तर काय झालं असतं, ते बोलायला नको. शिट्टी झाली. गाडी निघून गेली.

"झालं पुन्हा हसं," एवढंच काकू बोलली. खरं तर या वेळी कुणीही हसलं नव्हतं.

ओळंब्यानं गुडघे टेकून चौथऱ्यावर पाणसळ ठेवली. तिच्या काचेतला बुडबुडा बरोबर मधोमध उभा राहिला. तो त्या बुडबुड्याकडे बघतच राहिला. स्टेशनमास्तर हळूच म्हणाला, "काका, ही गाडीच इथं कललेली उभी राहते. वळणावर बाहेरचा रूळ मुद्दाम उंच ठेवतात, नाहीतर वेगात गाडी बाहेर फेकली जाईल. फलाट आतल्या अंगाला आहे, म्हणून डबा आपल्याकडे झुकतो. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

कुणालाच ठाऊक नव्हतं. जन्म गेला सगळ्यांचा त्या फलाटावर, पण गाडीकडे कोण बघतं? माणूस आपली जागा बघतो आणि आपली पिशवी बघतो. दुसऱ्या दिवशी काकू मुद्दाम जाऊन बाकावर बसली. गाडी आली आणि तिच्या अंगावर काटा आला. एवढं मोठं लोखंडाचं धूड, शेकडो माणसांसकट, खरंच तिच्याकडे झुकून उभं होतं, लहान पोराशी बोलायला मोठ्या माणसानं वाकावं तसं. खिडकीत एका माणसानं चहाचा ग्लास ठेवला होता. ग्लास डब्याबरोबर तिरका होता आणि आतला चहा मात्र आपला सरळ. त्या माणसाला पत्ताही नव्हता. काकू तोंडात बोट घालायचीच बाकी राहिली.

रविवारी ती स्टेशनवर गेली ती मनाशी ठरवून, की यांना सांगायचं, पुरे झालं. सायकलवाला एक फळी घेऊन आला होता, फळी टाकू म्हणत होता. बाईंचं म्हणणं, वरचा थोडा थर काढला की झालं. ओळंब्यानं दोघांचं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"वरची बाजू सपाट ठेवून नाही चालायचं. सपाटावरून तिरक्यावर पाय टाकला की हिचा तोल पुन्हा मागे जाणार. डबा जेवढा तिरका, तेवढाच हा तिरका करायचा. मागं उतरता."

 बाटली हलली नाही म्हणून टाळ्या वाजवणारी हीच माणसं. मग बाई उठल्या आणि त्यांनी हातोडा उचलला. आश्चर्य असं की मागून एकेकाच्या पिशवीतून छिन्नी-हातोडे निघाले. सात रविवारांचं आपलंच काम फोडायचं आहे हे त्यांना न सांगता कळलं होतं, आणि तरी एकजणही घरी राहिला नव्हता. या माणसांना आपण चार वर्षं नावं ठेवली, या विचारानं काकूला बसल्या जागी लाज वाटली.

ओळंबा तिच्यापाशी आला. त्यानं खिशातून लट्टू काढून तिच्या हातात दिला.

"हा धर. खिशात असला तर हात ऐकायचा नाही माझा."

बेचाळीस वर्षांत काकूनं तो लट्टू कधी हातात घेतला नव्हता. तो इतका जड असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि खिशातल्या उबेनं गरम होता. तो मुठीत घेऊन ती बाकावर बसली. तिच्या समोर तिच्या नवऱ्यानं पहिला घाव घातला. पाहुण्यांसाठी थांबला नव्हता, कंत्राटदारासमोर वाकला नव्हता, असा हा माणूस ओणवा होऊन स्वतःच्या हातानं वाकडं काम करत होता. चुना की रक्त, असं आपण मनात म्हणालो होतो, हे तिला आठवलं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

या वेळी मापं इथंच घेतली. येईल त्या गाडीला, मिळेल त्या एका मिनिटात. बाई उंबऱ्यापाशी, सायकलवाला दाराच्या आत, ओळंबा फलाटावर आडवा पडलेला. भरलेला डबा दबतो, रिकामा उठतो, म्हणून पहाटेच्या गाडीला घेतलं, दुपारच्याही. आठवडाभरात घाईची सोळा मापं झाली आणि सोळाच्या सोळा बोटभराच्या आत जुळली. "मग, चावला का जोडा?" सायकलवाल्यानं विचारलं. ओळंबा हसला. तो हसलेला बघून स्टेशनमास्तर घाबरला.

त्या मापानं चौथरा मागं उतरता झाला, वाळला, आणि त्यानंतरच्या बुधवारी काकू चढणीवरून वर गेली. वर पोहोचताच तिला आपण किंचित कललोय असं वाटलं, आणि दोन पावलांत पाय सरावले. गाडी आली. दार उघडलं. ती चालत राहिली. मध्ये एक काळी फट दिसली, अंगठ्याएवढी, आणि मग खिडक्या दिसल्या आणि बाक दिसला. चौथरा कुठं संपला आणि डबा कुठं सुरू झाला ते तिच्या पायाला कळलंच नाही. तिनं वळून पाहिलं. ओळंबा खालीच उभा होता.

"अहो, चला की!"

"तू जा. संध्याकाळी उतरताना बघायचंय मला. उतरताना पाय वेगळा पडतो."

"दिवसभर इथं बसणार?"

"बाक आहे की. रंग वाळलाय."

संध्याकाळी गाडी आली तेव्हा तो खरंच तिथं होता, पांढऱ्या पट्ट्याशी, नजर जमिनीवर. काकू दारात आली आणि तिथूनच बोलायला लागली, "अहो, ताईनं..."

"आधी पाय टाक."

तिनं पाय टाकला. मग दुसरा. काठी टेकली. गाडी निघून गेली आणि फलाट शांत झाला.

"हं," तो म्हणाला. "ओळखलं?"

"नाव नाही घेतलं." काकू म्हणाली. "बराच वेळ नुसती बघत होती. मग काठीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘कुणी मारलं तुला? दाखव मला, बघते त्याच्याकडे.’ अगदी तश्शी. माझा हात धरून उठायलाच लागली."

ओळंब्यानं तिच्या काठीकडे पाहिलं.

"मी म्हटलं, कुणी नाही गं ताई, गाडीत चढताना लागलं. तर म्हणाली, ‘मग तुझ्या नवऱ्याला सांग. तो करील नीट.’"

 काकूनं पिशवीतून लट्टू काढला आणि त्याच्यापुढे धरला. तो त्यानं घेतला, खिशात टाकला, तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघं उतारावरून सावकाश खाली आले.