चौघं चढलो, डब्या मागितल्या पाच

महिना ऑगस्ट, तिसरा रविवार, सकाळचे नऊ. रक्कम – तपकिरीच्या चार डब्या, दर डबी एक डॉलर. हजर माणसं चार – मी, माझी बायको सुनंदा, जावई सचिन आणि वाटाड्या तेंडाई. डब्या घेणारी म्हातारी धरली तर पाच होतात, पण ती डोंगर चढणार नव्हती, म्हणून तिला धरत नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ या आकड्याचाच आहे.

या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी चार-पाच वर्षांपासून वाचतो. खरं सांगायचं तर टाइमपास म्हणून. निम्म्या अनुभवांत वेळ लिहिलेली नसते, अंतर नसतं, सोबत कोण होतं तेही नसतं... भूत, चकवा, बाहेरचं यांपैकी कशावरच माझा विश्वास नव्हता, आणि आता बसला असंही मी म्हणणार नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला लालबर्रा रोडवरच्या एका राइस मिलमध्ये मी एकतीस वर्षं माल मोजतो. हमाल पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात, मी बाजूला उभा राहून पाठी मोजतो. चेहरे बघायचे नाहीत. चेहरा पाहिला की माणूस आठवतो, त्याची लेक आजारी होती ते आठवतं, आणि आकडा सुटतो. एकतीस वर्षांत माझी मोजणी दोनदा चुकली, दोन्ही वेळा एक पोतं कमी मोजलं. जास्त कधीच नाही.

झिम्बाब्वेला जायचं कारण म्हणजे आमची मुलगी पल्लवी. तिला मुलगा झाला. सचिन तिकडे मोझांबिकच्या सीमेजवळ एका चहामळ्याच्या फॅक्टरीत मशिनरी सांभाळतो. मी आयुष्यात विमानात बसलो नव्हतो. माझा लांबचा प्रवास म्हणजे नागपूर, फार तर पुणे. सुनंदाने पाच किलो डिंकाचे लाडू घेतले होते. विमानतळावरच्या माणसाने ते उघडून वास घेतला आणि परत बांधले.

देश मला आवडला. आमच्याकडे भरवेलीच्या खाणीकडे जाताना दिसते तशी लाल-काळी माती, त्यावर हिरवेगार चहाचे उतार. गवताने शाकारलेली गोल घरं, अंगण आरशासारखं झाडलेलं. युनिफॉर्ममधली पोरं सकाळी पाच-पाच किलोमीटर चालत शाळेत जातात. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा दोन्ही वेळा जेवायचा, सोबत पालेभाजी. आणि नमस्कार! समोरचा हळूच टाळ्या वाजवत विचारतो, झोप लागली का. आपण म्हणायचं, तुम्हाला लागली असेल तर मलाही लागली. घाईत कोणी नसतंच. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं, दोन मिनिटं चाळीस सेकंद. सुनंदाला हे फार पटलं. दुसऱ्या दिवसापासून ती गल्लीतल्या बायकांशी टाळ्या वाजवून मराठीत बोलायला लागली आणि त्यांचं जमूनही गेलं.

मळ्याच्या मागे एक डोंगर आहे. वर सपाट खडक, तिथून एक ओढा खाली पडतो. पाहण्यासारखं आहे म्हणून सचिनने बेत केला. पल्लवी बाळाला घेऊन घरी थांबली. सुनंदाचा डावा गुडघा दुखतो, म्हणून मी तिला थांब म्हटलं.

"घरात बसाले आली का मी इतक्या लांब?" ती म्हणाली. विषय संपला.

तेंडाई फॅक्टरीत फिटर आहे, त्याच डोंगराखालच्या गावचा. त्याने आदल्या दिवशीच सांगितलं की डोंगर गावच्या पूर्वजांचा आहे, वर जायचं तर दर माणशी तपकिरीची एक डबी आजीकडे द्यायची. तिकडे आजीला अंबुया म्हणतात. ती जमिनीवर थोडी तपकीर टाकून वरच्यांना कळवते की अमुक इतके येत आहेत. मला यात काही गैर वाटलं नाही. आपल्याकडे नारळ देतात, तिकडे तपकीर. मी मळ्याच्या दुकानातून चार डब्या घेतल्या.

अंबुया झोपडीबाहेर चटईवर बसलेली. वय ऐंशीच्या पुढे. चारही डब्या घेऊन तिने शेजारी मांडल्या आणि हात तसाच पुढे धरून ठेवला. तेंडाईने टाळ्या वाजवून विचारलं. तिने आमच्याकडे एकेक बोट केलं – मी, सुनंदा, सचिन, तेंडाई – आणि मग सुनंदाच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे.

सचिनने मला समजावून सांगितलं, "मामाजी, ती म्हणते पाच जण चाललेत. एक डबी कमी आहे."

मी पुन्हा मोजून दाखवलं, तिच्याच पद्धतीने, बोटाने. चार. म्हटलं, पाचवा माणूस दाखवा, पाचवी डबी देतो.

"जाऊ द्या ना मामाजी, एका डॉलरचा प्रश्न आहे. मी मागून आणून देतो."

"जावईबापू, डॉलरचा नाही. जे पोतं चढलंच नाही त्याची पावती मी फाडत नाही."

म्हातारी रागावली नाही. हात मागे घेतला आणि आमच्याकडे पाहून मान हलवली, बस्स. आम्ही तिघे पुरुष ओढ्यावर बाटल्या भरायला गेलो, सुनंदा तिच्याजवळ बसली, आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो.

क्रम असा – पुढे तेंडाई, मग सचिन, मग सुनंदा, शेवटी मी. शेवटी राहिलो कारण मोजायला तेच सोयीचं. वाट एका माणसापुरती. उजवीकडे चढ, डावीकडे आधी झाडी आणि वर गेल्यावर सरळ कडा. दहा वाजून पाच मिनिटांनी माझ्या बुटाची लेस सुटली. बांधून उठतो तो धुकं. तिकडे ऑगस्ट थंडीचा, आणि त्या दिवसांत भुरभुर पावसासारखं धुकं एकदम येतं, हे मला आधी सांगितलेलं होतं. पाच-सहा पावलांपलीकडे नुसत्या आकृत्या दिसत होत्या. मी पाय उचलून त्यांना गाठलं आणि मोजलं. तीन पाठी, चौथा मी. बरोबर.

दहा पंचवीसला मोजलं. चार. त्याच वेळी सचिनने मागे न पाहता खांद्यावरून बाटली मागे दिली. मागच्या पाठीने घेतली, थोड्या वेळाने परत दिली. दहा चाळीसला मोजलं. चार. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती आणि मी ती सोडून दिली, ती इथे कबूल करतो. पुढची पाठ लंगडत नव्हती. मला वाटलं, थंड हवेने गुडघा मोकळा झाला असेल. आकडा जुळत होता ना... मग मी आणखी काही बघितलंच नाही.

दहा पन्नासला आम्ही वरच्या खडकावर पोचलो. वर धुकं नव्हतं, लख्ख ऊन. तेंडाई, सचिन, मी. तीन.

सचिन म्हणाला, "मामी कुठे आहेत?"

मी म्हटलं, तुमच्या मागेच तर होती. तो म्हणाला, हो, आत्तापर्यंत माझ्या मागे पावलं येत होती.

आता माझ्या मनात काय होतं ते सांगतो. त्या वाटेवर कडा सुरू होतो तिथून वरपर्यंतचं अंतर साधारण आठशे पावलं. लंगडणारी बाई, धुकं, डावीकडे काही नाही. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि मी तिला एकदाही चेहऱ्याकडे पाहून विचारलं नव्हतं की चढवतंय का.

तेंडाईने आम्हाला हाका मारू दिल्या नाहीत. म्हणाला, हाकेच्या दिशेने ती धुक्यात चालू लागली तर कडा डावीकडे आहे. तिघंही खाली निघालो, डाव्या हाताने चढ चाचपत, दर वळणावर थांबत. सचिन रडत होता. तो मुलगा चांगला आहे.

अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी ती सापडली. मी लेस बांधली होती त्याच्या दहाच पावलं पुढे, झाडीच्या कडेला एका दगडावर बसलेली. पदर डोक्यावरून घेतलेला, गुडघा चोळत होती. म्हणजे लेस बांधून उठल्यावर मी तिच्या पाठीमागून पुढे निघून गेलो होतो.

मी काही बोलायच्या आधी तीच बोलली. "झालं का पाहून? आता बोलता का अजून तोंड फुगवूनच बसता?"

मी म्हटलं, कोण तोंड फुगवून बसलं?

"तुम्ही. दीड घंटा झाला, बाजूले बसून राह्यले न् एक शब्द नाही. मले वाटलं डबीचा राग आहे अजून."

तिने जे सांगितलं ते असं. गुडघ्यात कळ आली म्हणून ती दगडावर बसली. धुकं आलं. बाजूला मी येऊन बसलो, पाठ करून, जसा घरी रागावलो की बसतो तसा. तिने दोन-तीनदा विचारलं, मी बोललो नाही. मग तिला वाटलं आपण पुढे जावं. उठून डावीकडे वळली, कारण वाट तिकडेच आहे असं वाटलं. तर मी न वळताच हात आडवा केला. ती परत बसली.

आम्ही जाऊन पाहिलं. ती वळली होती तिकडे चार पावलांवर झाडी संपत होती आणि पुढे कडा होता. तेंडाईने एक दगड खाली टाकला. आवाज यायला वेळ लागला. मी मोजलं नाही.

"पल्लवीचे बाबा, तुम्ही नव्हते काय तिथं?" तिने वाटेत हळूच विचारलं. मी म्हटलं, नव्हतो. मग ती खालपर्यंत माझा दंड धरून चालली. एवढं ती कधी धरत नाही.

खाली आल्यावर मी सचिनला दुकानात पाठवून पाचवी डबी आणवली. हरलो म्हणून नाही. एक जास्तीचा माणूस चढल्याचं मला, सचिनला आणि सुनंदाला कळलं होतं, तर त्याची डबी लागू होत होती, एवढंच. अंबुयापुढे बसून मी डबी दोन्ही हातांनी धरली. तिने घेतली नाही. हसून चटईखालून एक छोटी डबी काढून दाखवली. पत्र्याची, गोल, झाकणावर देवनागरी अक्षरं.

गुडाखू. आमच्या बालाघाटची.

इतर भागातल्या वाचकांसाठी सांगतो, गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लेप. आमच्याकडे बायका सकाळी दातांना लावतात आणि मग सुटत नाही. सुनंदाने तीन वर्षांपूर्वी माझ्यासमोर सोडली होती. अंबुयाने झाकण उघडून बोटभर हिरडीला लावली आणि समाधानाने डोळे मिटले.

मी सुनंदाकडे पाहिलं.

"मंग काय करू?" ती म्हणाली. "तुम्ही बाटल्या भराले गेल्ते. म्हातारी मागून राह्यली होती न् तुम्ही देत नव्हते. माह्याजवळ तेच होतं. तिनं माह्या नावानं जमिनीवर थोडी टाकली न् बाकीची ठेवली."

सचिन मान फिरवून हसायला लागला. दोन तासांपूर्वी रडत होता.

परत आल्यावर मी बऱ्याच जणांना विचारलं. आमचे डॉक्टर म्हणाले, धुक्यात मेंदू ओळखीची आकृती बनवतो. मान्य. पण माझ्या मेंदूने बनवलेल्या आकृतीने सचिनची बाटली घेतली कशी? सचिनला मी विचारलं की परत आली तेव्हा पाणी किती कमी होतं. त्याने पाहिलं नव्हतं. मिलमधला एक जण म्हणाला, डोंगराचा रखवालदार असेल, पाचवा तोच. हाही हिशेब मी करून पाहिला. पण दहा पंचवीसला तो माझ्यापुढे चालत होता आणि त्याच दहा पंचवीसला सुनंदाजवळ बसलेला होता. एक जास्तीचा धरला तरी हिशेब जुळत नाही. दोन लागतात. आणि अंबुयाने एकच मागितला होता. तेंडाईला मी फोनवर हे विचारलं, तर त्याने आधी मला झोप लागली का ते विचारलं, आणि मग सुनंदाच्या गुडघ्याची चौकशी केली.

उत्तर शोधणं मी थांबवलं आहे.

गुडाखूबद्दल सुनंदाला मी रागावलो नाही. तोंडाला वाईट असते, हे माझं मत आजही तेच आहे, आणि ते मी तिला परत सांगितलंही. पण तिची एक डबी तिकडे गेली, आणि ती तिने चौघांच्या वतीने दिली होती. बालाघाटला पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी मी बाजारात गेलो. शेवटी दिलं ते असं – एक छोटी डबी गुडाखू, पंधरा रुपये, दुकानदाराला रोख. डबी सुनंदाला, तिच्या चेहऱ्याकडे पाहून, हातात.