पार्वताबाईंचा तुंबा आणि माझा समुद्र

परवा नातीबरोबर अलिबागला समुद्रावर गेलो होतो. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने समुद्र पाहून गोंधळून जावं का? मी गेलो.

दूर पाण्यात एक नारळ तरंगत होता. त्याच्याखालून लाटांवर लाटा किनाऱ्याकडे येत होत्या आणि नारळ आपला तिथल्या तिथे, वर-खाली... इकडे माझी पँट मात्र गुडघ्यापर्यंत भिजलेली. मग पाणी येतं की नाही येत?

नात म्हणाली, "आबा, गूगल करू का?" मी नको म्हणालो. मला साठ वर्षांपूर्वीचा एक तुंबा आठवला होता...

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी बुलडाणा शहरात वाढलेला, अमडापूरजवळच्या एका खेड्यात नवाकोरा मास्तर म्हणून लागलो होतो. आता समुद्र आपल्या राज्यातच आहे, असं भूगोलाच्या तासाला छाती फुगवून सांगायचो. माझ्यासकट गावात कुणीच तो पाहिलेला नव्हता, हा भाग वेगळा.

वारा पाण्याला ढकलतो, त्याची लाट होते आणि लाट ते पाणी घेऊन किनाऱ्याला येते, असं मी एक दिवस ठोकून दिलं. कमला नावाची मुलगी उठून उभी राहिली. "गुरुजी, लाटा रोज पानी आनतात, तं मंबई बुडत काऊन नाही?"

वर्ग खदाखदा हसला. मी तिला दटावून खाली बसवलं, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. शेवटी ठरवलं, गावाबाहेरच्या तळ्यावर प्रयोग करून दाखवायचा. लाट वस्तू किनाऱ्याला आणते हे पोरांनी डोळ्यांनी पाहिलं की विषय संपला.

तरंगायला काहीतरी हवं होतं. मी पार्वताबाईंच्या ओसरीवर राहायचो. नवरा गेल्यावर त्या एकट्याच विहिरीवरचा भाजीचा मळा करायच्या. त्यांच्या चुलीवरच्या आढ्याला एक वाळलेला भोपळा टांगलेला असायचा, तोच तुंबा. त्या मळ्यात गेल्या होत्या. मी सरळ तो काढला आणि निघालो.

जरा जड लागला. हलवून पाहिला तर आवाज नाही. तोंड चिंधी कोंबून शेणाने लिंपलेलं होतं... मला वाटलं, धूळ जाऊ नये म्हणून असेल. शहरातल्या माणसाची अक्कल, दुसरं काय!

तळ्यावर तुंबा बांबूने आत ढकलला. झुळूक होती, तिने तो आणखी आत नेला. मग मी त्याच्या पलीकडे पहिला दगड टाकला. गोल लाट उठली, तुंब्यापाशी आली, त्याच्याखालून निघून माझ्या पायाशी पोचली. तुंबा तिथेच!

दुसरा दगड, तिसरा... मग पोरांनाही टाकायला लावले. त्यांच्या लाटा इकडून, माझ्या तिकडून. वाटलं, आता मधे आपटतील. त्या एकमेकींत शिरल्या, क्षणभर पाणी उंच झालं आणि आरपार निघून गेल्या, जसं काही झालंच नाही. मी पुरता चक्रावलो. काय चुकतंय तेच कळेना.

तेवढ्यात पार्वताबाई धावत आल्या. आढं रिकामं दिसलं होतं आणि शाळेची पोरं कुठे आहेत ते गावाला ठाऊकच होतं.

"मास्तर, त्याच्यात माह्या माहेरच्या वांग्याचं बी हाये!"

राखेत कालवून ठेवलेलं बी... म्हणून ते खुळखुळलं नव्हतं. आईने दिलेलं, गावात दुसऱ्या कुणाकडे नसलेलं. पाणी आत शिरलं तर सगळं कुजणार. मला पोहता येत नव्हतं. घाबरून मी तुंबा काठाला यावा म्हणून आणखी दगड टाकायला लागलो.

त्यांनी माझा हात धरला. "थांबा ना बाप्पा! लाट येऊन राह्यली, पानी नाही येऊन राह्यलं. तुंबा पाहा, जागीच नाचून राह्यला. तुमच्या नाचवन्यानं शेन सुटून जाईन."

मी पाहिलं. खरंच की... इतका वेळ मी लाटेकडेच पाहत होतो, तुंब्याकडे नाही.

बाजूलाच गावातले रहीमचाचा काठावर बसले होते, त्यांच्या म्हशी पाण्यात डुंबत होत्या. पार्वताबाईंनी लुगड्याचा काष्टा वर खोचला, एका म्हशीचं शेपूट धरलं आणि चाचांनी म्हैस आत हाकलली. चार मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून उभा होतो.

त्या तुंबा घेऊन परत आल्या तेव्हा लिंपण अर्धं सुटलं होतं. काठावरच त्यांनी पदर पसरून बी ओतलं. वरचं ओलं, खालचं कोरडं. "काऊन हो मास्तर, इचारलं असतं तं रिकामा तुंबा देल्ला नसता का?" एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की मी शिकवलं ते चूक होतं. लाट पुढे जाते, पाणी जवळपास जागीच राहतं. मग किनाऱ्यावर काय होतं, असं कमलाने लगेच विचारलं. मला माहीत नाही, असं मी म्हणालो. वर्गात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

पावसाळ्यात निम्मंच बी उगवलं. रोज शाळेतून येताना मी त्या वाफ्यापाशी थांबायचो आणि रोपं मोजायचो. पार्वताबाई तण काढता काढता पाहायच्या.

दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी ओसरीवर ताट आणून ठेवलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर त्याच वांग्यांचं भरीत, कांद्याची पात. माझा हात पुढे होईना.

"खा न मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमच्या समुद्रातून आलेलं वांगं हाये."

परवा किनाऱ्यावर उभा राहून हे नातीला सांगत होतो, तर डोळे भरून आले. नारळ अजून तिथेच होता. किनाऱ्यावरचं कोडं मला आजही नीट सुटलेलं नाही... पण चुकलेल्या मास्तरला ताट वाढणारी बाई मला विशीतच भेटली, तिचे उपकार कसे फेडू?