दुसऱ्याची कुऱ्हाड

"मावशी, मान जरा खाली. आणि कुऱ्हाड अशी धरा, फोटोत दिसली पाहिजे."

मांडवामागं उभ्या असलेल्या शहरातल्या पोरीनं ती माझ्या हातात दिली. नवी कोरी. दांड्याला दुकानाचा कागद तसाच. स्टेजवर जायचं, ती पाहुण्यांच्या पायाशी ठेवायची, हात जोडायचे. माईकवरून सांगणार, या बाया जंगल तोडायच्या, आता सुधारल्या.

आम्ही कधी तोडलं? कुऱ्हाडबंदी गावात बायांनीच आणली. ग्रामसभेत, पुरुष हसत असताना. दोन जंगलांना जोडणारा नाला आमच्या शेतांतून जातो. वाघ, रोही म्हणजे नीलगाई, अस्वलं याच वाटेनं जातात-येतात. म्हणून नाल्याकाठची वांग्याची पट्टी आम्ही पडीक सोडली. शेताच्या तारेत करंट सोडायचा नाही, असं ठरवलं. होळीआधी वणवा अडवायला पालापाचोळा झाडून मोकळी रेषा काढतो, तीही आम्हीच. हाताला फोड येतात.

पाहुणे म्हणजे नाल्याच्या तोंडाशी रिसॉर्ट बांधणारे साहेब; कार्यक्रमही त्यांचाच. त्यांचं जाळीचं कुंपण थेट नाल्यात उतरलंय. जनावरं तिथं अडतात, मागं फिरतात, आमच्या भाजीत शिरतात. माझा दीरच म्हणू लागला होता, करंट सोडू. एक जनावर तारेला चिकटलं की वाट संपली. आमची इतक्या वर्षांची मेहनतही.

मागं जाऊबाई उभी होती. कानाशी म्हणाली, "आता चोर बी बना लागते काय वो बाई? मले त हसू येऊन राह्यलं."

मला आलं नाही. सकाळपासून त्यांच्याच पंगतीची भाजी चिरली होती. पाठ धरली होती. मान खाली घालावी, फोटो द्यावा, घर गाठावं, एवढंच मनात होतं.

तशीच वर गेले. साहेबांनी पाय थोडे पुढे केले. सवयीनं. माझ्याकडं बघितलंही नाही.

मी वाकले नाही. कुऱ्हाड त्यांच्या हातात दिली.

"ही तुमची हाय साहेब, आमच्या गावात चालत नाई. नाल्यातलं कुंपण कधी काढता, तेवढं सांगा."

माईक बंद झाला. सरपंच नंतर म्हणाले, "काऊन असं केलं वहिनी? पाहुण्याले दुखवलं." मी म्हटलं, पाहुणा वाट अडवून बसत नाही.

मांडव उतरला. कुंपण तिथंच आहे. त्याच आठवड्यात रोह्यांनी माझी उरलेली वांगी तुडवली. दिरानं करंट सोडायला माळ्यावरची तार काढली. मी ती गुंडाळून परत माळ्यावर टाकली. तो अजून धड बोलत नाही.

येत्या ग्रामसभेत मी कुंपणाचा विषय मांडणार. निघालं नाही तर त्याच्या पुढच्या. तेव्हाही नाही तर त्याच्याही पुढच्या. पट्टी पडीक राहील, रेषाही निघेल. ते सगळं जनावरांसाठी आहे. पण त्या स्टेजवर आमच्यातली एकही बाई पुन्हा चढणार नाही.