मास्तरांचा स्वतःचा शर्ट

मास्तरांच्या कातरीला आसपास तोड नव्हती, आणि त्यांच्या तोंडाला येणाऱ्या दारूच्या वासालाही. गिऱ्हाइकं नाक मुरडत, पण येत. कारण कपडे मापात बसत. ते कसे बसत, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक. मास्तर सकाळी थरथरत्या हाताने कापड बेतत. ते जेवायला गेले, की ती वाकडं गेलेलं सरळ करी, कमी पडेल तिथे शिवणीत सोडलेल्या कापडातून हाताने टाके घालून वाढवून घेई, आणि मगच मशीनवर शिवी. संध्याकाळी मास्तर तयार कपडा उलटापालटा करून म्हणत, "बघ, हात शाबूत आहे. उपचार कसले करायचे?"

व्यसनमुक्ती केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "त्यांच्या चुका तुम्ही निस्तरू नका." सासूबाई म्हणत, "झाकली मूठ सव्वा लाखाची." तिला दोघींचंही पटे, हीच पंचाईत होती. निस्तरलं नाही तर दुकान बुडणार, निस्तरलं तर नवरा. शिवाय नवऱ्याची फजिती करणं ही माया की सूड, तेही कळेना. सूड घ्यावासा वाटायचाच की तिला अधूनमधून.

शेवटी तिने घरातलं निळं कापड पुढे केलं. "तुमच्यासाठी एक शर्ट बेता." मास्तरांनी बेतला. तिने ओठ चावत, काही न सुधारता, जसाच्या तसा शिवला.

दुकानातल्या आरशासमोर मास्तरांनी तो अंगात घातला. एक बाही मनगटाला टेकली, दुसरी बरीच वर राहिली. गळा एका खांद्याकडे पळाला.

"कुणी बेतलं हे?"

"तुम्हीच की."

"मग बाकीचे कपडे?"

मास्तरांनी दांडीवरचा कोट काढून आतली शिवण पाहिली. वाढवलेल्या जागी हाताचा टाका होता. तिचा टाका त्यांना ओळखू येई. त्यांनीच शिकवला होता. दुसरा कोट पाहिला. तिसरा काढलाच नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

तिला रागच आला. सांगितलं नाही? दारू सोडा म्हणून रोज कंठशोष केला तो काय होता? पण मग तिला वाटलं, तोंडाने रोज सांगायचं आणि हाताने रोज पुसायचं, याला सांगणं म्हणतात का?

"उद्या जाऊ त्या मॅडमकडे," मास्तर खाली बघत म्हणाले. "हाच शर्ट घालतो."

सकाळी दारात त्यांचे हात इतके कापत होते, की गळ्याची गुंडी लागेना. सवयीने तिचा हात आखूड बाही ओढायला गेला. तो तिने मागे घेतला. गुंडी मात्र लावून दिली. तेवढं चालतं का, हे मॅडमना विचारायचं तिने ठरवलं.